येरवड्याची सतरंजी: पाचपैकी साडेचार

येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रातून दिवाळीत कैद्यांच्या हातची सतरंजी घेतली. वीण घट्ट, तीनदा धुतली तरी रंग तसाच. ओली झाली की मात्र उचलायला दोघं लागतात, म्हणून अर्धा गुण कापला.

याच तुरुंगात २१ नोव्हेंबर २०१२ ला कसाबला फाशी झाली. आमच्या सोसायटीत पेढे वाटले, मीही खाल्ले. कसाबची हळहळ आजही नाही. पण नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा आणि खुनांच्या प्रकरणात ज्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्की केली, त्यांनाच २०१९ मध्ये निर्दोष सोडलं. भरपाई प्रत्येकी ५ लाख. मधल्या काळात दोर ओढला असता तर ते पैसे कुणाच्या हातात ठेवले असते?

टॉवेलही बघा, चांगले आहेत.