‘चोवीस कोअर छे, साहेब!’ : एका वर्कस्टेशनची झडती

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर यांचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस, म्हणजे दाबाखाली धातूवर किती ताण येतो याचं गणित करून द्यायचं, हे काम. दिवसभर आराखड्यांसाठी सॉलिडवर्क्स, रात्री ताणाच्या गणितासाठी अ‍ॅन्सिस मेकॅनिकल. जुना टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा संगणक, मोठ्या मॉडेलपुढे हात टेकायला लागला, म्हणून सयाजीगंजातल्या एका विक्रेत्याकडून कोटेशन मागवलं. कागदावर ऐवज देखणा होता: इंटेल झिऑन डब्ल्यू७-२४९५एक्स प्रोसेसर, १२८ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम, एनव्हिडिया आरटीएक्स ४००० एडा ग्राफिक्स कार्ड. विक्रेत्याचं पालुपद एकच, ‘चोवीस कोअर छे, साहेब!’ कोअर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक स्वतंत्र भाग.

मी म्हटलं, शोरूमच्या एसीत नको, डेमो आमच्याकडे लावा. थोडी कुरकुर झाली, पण आमचे भागीदार गुजरातीत बोलायला बसले की बहुतेक गोष्टी जमतात. भाव त्यांनी पाहायचा, यंत्र मी, अशी आमची जुनी वाटणी.

विक्रेत्याच्या माणसाने टास्क मॅनेजर उघडून ४८ चौकोन अभिमानाने दाखवले. त्यातले निम्मे हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे एकच कोअर दोन असल्यासारखा दाखवण्याचे. सॉल्व्हरला, म्हणजे अ‍ॅन्सिसमधल्या गणित सोडवणाऱ्या भागाला, खऱ्या कोअरशी मतलब. आणि खरे चोवीस असले तरी आम्हाला चालवता किती येणार? अ‍ॅन्सिसच्या मूळ लायसन्सवर ४ कोअर चालतात, एका एचपीसी पॅकने (जादा कोअरच्या वेगळ्या लायसन्सने) आणखी ८ मिळतात. आमच्याकडे पॅक एकच, म्हणजे १२. दुसरा घेतला तर बेरीज ३६ वर जाते, पण त्याचा खर्च ऐकून भागीदारांनी चहा मागवला आणि विषय बदलला. थोडक्यात, सॉल्व्ह चालू असताना या प्रोसेसरचे निम्मे कोअर बसून राहणार, आणि पैसे मात्र सगळ्यांचे.

मग टॉवरचं झाकण काढायला लावलं. हे प्रत्येकाने करावं, लाजू नये. १२८ जीबी रॅम होती खरी, पण ६४ च्या दोन स्टिकमध्ये. या प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनल, म्हणजे रॅमकडून डेटा आणणारे चार रस्ते आहेत. डीडीआर५-४८०० जातीच्या रॅमचा एक चॅनल सेकंदाला ३८.४ जीबी वाहून नेतो. चारही भरले तर १५३.६, दोनच भरले तर त्याच्या निम्मे. ‘नंतर वाढवायला जागा राहते ना,’ असं उत्तर मिळालं. जागा राहते हे खरं, पण तोवर सॉल्व्हरने उपाशी बसायचं का?

ते तिथेच पडताळलं. नॉझल आणि शेलच्या जोडाचं आमचं नेहमीचं मॉडेल आधी ४, मग ८, मग १२ कोअरवर चालवलं. चारावरून आठावर वेळ चांगला उतरला, आठावरून बारावर जेमतेम. विक्रेत्याकडून ३२ च्या चार स्टिक मागवून तेच मॉडेल पुन्हा लावलं, तेव्हा बारा कोअरचा फरक दिसला. एकूण रॅम तेवढीच, फक्त वाटणी वेगळी.

पण तेवढीही आम्हाला पुरणार नाही. डायरेक्ट सॉल्व्हर इन-कोअर, म्हणजे सगळं गणित रॅममध्येच ठेवून चालवायचा तर दहा लाख डिग्री ऑफ फ्रीडममागे (मॉडेलमधल्या अज्ञात संख्यांमागे) साधारण १० जीबी धरतात. आमची ट्यूबशीटची (हीट एक्स्चेंजरमधल्या नळ्या धरणाऱ्या जाड पत्र्याची) मोठी मॉडेलं १ कोटी २० लाखांपर्यंत जातात. म्हणजे १२० जीबी एकट्या सॉल्व्हरला. विंडोज आणि बाकी पसारा कुठे ठेवायचा? रॅम कमी पडली की सॉल्व्हर आउट-ऑफ-कोअर होतो, डिस्कवर लिहायला-वाचायला लागतो आणि प्रोसेसर वाट पाहत बसतो. सॉल्व्हर आउटपुटमध्ये तो कोणत्या मोडमध्ये चालला ते लिहिलेलं असतं. डेमोच्या वेळी पडद्यावरच्या रंगीत चित्रापेक्षा ती ओळ आधी शोधा.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार काही नाही. २० जीबी, १३० वॉट, सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली अडखळल्याशिवाय फिरते, रिअलव्ह्यू, म्हणजे खऱ्यासारखं चकचकीत चित्र, चालतं. ‘सॉल्व्हसुद्धा कार्डावर पळेल’ हे विक्रेत्याचं म्हणणं मात्र सोडून द्यावं. आमच्या सॉल्व्हला डबल प्रिसिजन, म्हणजे दुप्पट लांबीच्या आकड्यांचं बारीक गणित लागतं आणि त्यात या कार्डाचा वेग सिंगलच्या चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो.

उष्णतेची परीक्षा दुपारी घेतली, एसी बंद करून. बडोद्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कारण सांगायला नको. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून लांबलचक सॉल्व्ह लावला. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, सुरुवातीला थोडा खाली आला आणि मग तिथेच टिकला. थ्रॉटलिंगचा, म्हणजे तापल्यामुळे वेग आवळल्याचा, लाल शेरा दिसला नाही. इथे पूर्ण गुण. पंखे मात्र असे चढले की फोन आला तर बाहेर जाऊन बोलावं लागलं. टॉवर टेबलाखाली नको, पलीकडच्या खोलीत हवा. आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएसही प्युअर साइन वेव्हचा, लोड बघून घ्यायचा. घरी वापरतो तो डबा इथे चालणार नाही.

शेवटी कोटेशन बदलून घेतलं. त्याच घराण्यातला डब्ल्यू५-२४६५एक्स: १६ कोअर, टर्बो (कमाल वेग) ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत. चोवीसवाल्याचा ४.८, आणि सॉलिडवर्क्सचं रीबिल्ड (बदलानंतर मॉडेल पुन्हा बांधणं) बहुतेक एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. वाचलेले पैसे रॅममध्ये: ६४ च्या चार स्टिक, २५६ जीबी. सॉल्व्हरच्या तात्पुरत्या फाइलींसाठी (स्क्रॅच) वेगळी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क. भागीदारांचा हिशोब पक्का आहे, १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं आणि संगणकावर घसारा ४० टक्के. त्यांचा आक्षेप एकच उरला, की नव्या कोटेशनचा आकडा जुन्यापेक्षा फारसा खाली आला नाही. मी म्हटलं, तो खाली आणायचं काम तुमच्याकडे आहे. त्यावर त्यांनी विक्रेत्याला पुन्हा फोन लावला, आणि तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी त्याच भावात बसवून घेतली.