बेळगावात मुक्काम करायचा तर कुठं? काही महिन्यांच्या जाण्या-येण्यानंतरचा अनुभव

बेळगावात खोली शोधताना हॉटेलचं नाव नंतर बघा, आधी भाग ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं पोचायचं आहे आणि संध्याकाळ कशी घालवायची आहे, या दोन गोष्टींवरून भाग ठरतो. पहिली गोष्ट सगळेच बघतात. दुसरीकडं कुणी बघत नाही आणि आजारी माणूस बरोबर असला की तीच जास्त महत्त्वाची ठरते.

गेल्या थंडीपासून यंदाचा पावसाळा सरेपर्यंत वडिलांच्या उपचारांसाठी आमचं निपाणीहून बेळगावला जाणं-येणं सुरू होतं. अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, चौपदरी हायवे. त्यामुळं पाहुणे म्हणायचे, मुक्काम कशाला, संध्याकाळी माघारी या की. धडधाकट माणसाला ते जमतं. पण सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, दुपारी तपासणी, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांसमोर बसायचं, असं चक्र असताना सत्तरी ओलांडलेल्या आण्णांना दोन्ही दिवस वंटमुरीच्या घाटातून न्यायचं आणि आणायचं माझ्या मनाला पटलं नाही. म्हणून राहत गेलो आणि राहता राहता शहराचे बरेच भाग पालथे घातले.

बाहेरून येणाऱ्यानं आधी एक गोष्ट डोक्यात बसवावी: रेल्वेची लाईन शहराचे दोन भाग करते. अलीकडं मध्यवर्ती बसस्टँड, बाजारपेठ, चन्नम्मा सर्कल, कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याच्याही पुढं हायवेला लागून नेहरूनगर. पलीकडं टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ. इथली माणसं पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं सांगतात, ती ही रेल्वेची फाटकं. तिसऱ्या गेटावर आता पूल आहे, पण पहिल्या-दुसऱ्याला गेट पडलं की थांबावंच लागतं. सकाळी नऊच्या तपासणीला निघालेल्या माणसाला हे माहीत पाहिजे. रिक्षावाल्याला बसतानाच सांगायचं, मामा, गोगटे सर्कलच्या पुलावरनं घ्या. भाडंही तेव्हाच ठरवायचं, कारण इथं रिक्षा मीटरवर जात नाहीत.

सुरुवात बसस्टँडजवळच्या लॉजपासून झाली. बसमधून उतरलं की सामान उचलून पाच मिनिटांत खोली, हा फायदा खरा आहे. लॉज स्वस्त असतात, रात्री कधीही उतरलं तरी दार उघडं असतं, खायला मिळतं. पण जुन्या पी. बी. रोडवर पहाटे चारपासून हॉर्न सुरू होतात ते थांबत नाहीत. रस्त्याच्या बाजूची खोली अजिबात घेऊ नका, मागची मागा. शेजारी किल्ल्याचा तलाव आहे, सकाळी तिथं बरं वाटतं. एका रात्रीचं काम असेल, पहाटेची गाडी धरायची असेल तर हा भाग ठीक आहे. दुसऱ्या रात्री आण्णा म्हणाले, "इथं झोप लागंना." तिथून आम्ही हललो.

मग नेहरूनगर. डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि जे.एन. मेडिकल कॉलेज तिथं असल्यामुळं सगळा परिसरच पेशंट आणि नातेवाइकांसाठी उभा राहिलेला आहे. औषधांची दुकानं, झेरॉक्स, खानावळी, लॉज, घरगुती भाड्याच्या खोल्या. विजापूर, बागलकोट, गोवा, सिंधुदुर्ग, चंदगड, कुठली कुठली माणसं तिथं भेटतात. ऑपरेशनच्या आधी-नंतरचे दिवस असतील तर दुसरा विचारच करू नका, इथंच राहा. रात्री अडीचला काही लागलं तर धावत जाता येतं आणि घरच्या दोघांना आळीपाळीनं झोपता येतं. आम्हालाही त्या दिवसांत या भागानंच तारलं. आई दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकायची, मी जायचो, रात्री ती जायची.

पण उपचार महिनोनमहिने चालणार असतील तर नेहरूनगरचा मुक्काम माणसाला आतून दमवतो. हायवेचे ट्रक आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सकाळी चहाच्या गाड्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत बोलणं एकाच विषयाचं. तुमच्या पेशंटला काय झालंय, आमच्याला काय झालंय, कुणाचं काय बिघडलं. एका रात्री शेजारच्या खोलीतल्या माणसांचा पेशंट गेला. भिंत पातळ, सगळं ऐकू येत होतं. आण्णा अंथरुणावर उठून बसले ते सकाळपर्यंत. त्यानंतर मी ठरवलं, तपासणीपुरतं इथं यायचं, झोपायला दुसरीकडं जायचं.

बाजारपेठेतली हॉटेलं मी दोन ओळींतच संपवतो. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागात लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्यांनी राहावं, त्यांची सोय उत्तम होईल. पेशंटची गाडी दारापर्यंत न्यायची म्हटलं तर त्या गल्ल्यांत जीव मेटाकुटीला येतो.

कॅम्प मात्र मनापासून आवडला. छावणीचा भाग, जुनी मोठी झाडं, रुंद रस्ते, मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, १८५६ सालचं सेंट पॉल्स हायस्कूल. शाळा सुटतानाची गर्दी सोडली तर दिवसभर शांत. रेल्वे स्टेशन जवळ, त्यामुळं पुण्याहून किंवा बेंगळुरूहून रेल्वेनं येणाऱ्याला मी आधी हाच भाग सांगेन. अडचण एवढीच की मध्यम भाड्याच्या खोल्या तिथं कमी, मिळाली तर लगेच धरून ठेवावी.

आमचं बस्तान शेवटी बसलं ते टिळकवाडीत. नेहरूनगरपासून पाच-सहा किलोमीटर, सकाळच्या गर्दीत अर्धा तास धरावा. कागदावर हा भाग हॉस्पिटलसाठी गैरसोयीचा दिसतो आणि म्हणूनच कुणी सुचवत नाही. पण तिथं गेल्यावर आण्णांचं जेवण सुधारलं. आजूबाजूला नांदती वस्ती आहे. सकाळी दूधवाला, क्लासला निघालेली पोरं, दारात रांगोळी. दुपारी खानावळीत भाकरी, उसळ, आमटी-भात साधा मिळतो. तिखट कमी करा म्हटलं तर खरंच करतात.

आणि व्हॅक्सिन डेपो, म्हणजे टिळकवाडीतलं झाडीचं मोकळं आवार. भर शहरात एवढी झाडी असेल असं बाहेरच्याला खरं वाटत नाही. संध्याकाळी पाचच्या पुढं आण्णांना तिथं न्यायचो. सुरुवातीला एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, मग बाकावर दम खायचा. मे महिन्यापर्यंत ते तिथल्या रोजच्या फिरणाऱ्या मंडळींत मिसळले. सगळे त्यांच्याच वयाचे. कुणी कारखान्यातून निवृत्त, कुणी मास्तर. "काय ओ, निपाणीकर, आज उशीर?" असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. तिथं तंबाखूचे भाव, उसाची बिलं आणि नातवंडं हे विषय असायचे. रिपोर्टबद्दल कुणी विचारायचं नाही. औषधानं काय केलं ते डॉक्टर सांगतील, पण त्या संध्याकाळींनी काय केलं ते मी बघितलंय. एकदा रिक्षानं त्यांना काँग्रेस विहिरीकडंही नेलं. १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष असलेल्या त्या एकमेव अधिवेशनाला, पाण्याची सोय म्हणून ती खणलेली. आण्णांचे वडील त्या अधिवेशनाच्या गोष्टी सांगायचे, ते सगळं तिथं उभं राहून त्यांनी मला सांगितलं.

आता खोलीबद्दल. आमची खोली दीड हजाराच्या आसपासची, झगमगाट काही नव्हता. बेळगावला पूर्वीपासून गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्यामुळं एसीवर पैसे घालवायची गरज एप्रिल-मेचे थोडे दिवस सोडले तर पडत नाही. गरम पाण्याची मात्र बाराही महिने पडते आणि फसगत तिथंच होते. बऱ्याच लॉजवर सोलर असतो. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, मग सोलरचं पाणी नुसतं कोमट. फोनवर "गरम पाणी आहे काय?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "खोलीत गिझर आहे काय, आणि दुपारी चालू असतो काय?" असं विचारा. उपाशीपोटीच्या तपासण्या उरकून माणूस बारा वाजता आंघोळीला येतो, तेव्हा पाणी लागतं.

बाथरूमचा उंबरा बघा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण एका ठिकाणी तो वीतभर उंच होता, फरशी गुळगुळीत, धरायला काही नाही. रात्री दर वेळी मला उठून आण्णांचा हात धरावा लागायचा. टिळकवाडीतल्या लॉजवर मी पोऱ्याला ही अडचण सांगितली तर त्यानं रबरी पायपुसणं आणि प्लास्टिकची खुर्ची न मागता आणून ठेवली, पुढच्या खेपेला खोलीत आधीच मांडलेली होती. लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका, लाईट गेल्यावर ती जनरेटरवर चालते का तेही विचारा. पावसाळ्यात कोपऱ्यातली आणि वरच्या मजल्यावरची खोली टाळा. भिंती ओल धरतात, चादरींना कुबट वास येतो, खोकला असलेल्या माणसाला त्रास होतो.

भाड्याच्या हिशोबातही एक मेख आहे. कुठं दुपारी बाराला खोली सोडावी लागते, तर काही जुन्या लॉजवर अजून चोवीस तासांचा हिशोब चालतो, म्हणजे सकाळी आठला आलात तर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत. हॉस्पिटलच्या कामाला दुसरी पद्धत सोयीची पडते. बिलावर जीएसटी धरूनच बोलणं करा. १८ जुलै २०२२ पासून हजाराच्या आतल्या खोलीवरही तो लागतो आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना दर पाच टक्के झालाय. कुणी अजून बारा टक्के लावत असेल तर बिल हातात घेऊन विचारायला लाजू नका.

प्रवासाचं एक सांगतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, त्यामुळं आईचं येणं-जाणं आधार कार्डावर व्हायचं. एवढ्या महिन्यांत त्यानं घरच्या खर्चाला खरंच हातभार लावला. कोल्हापूरहून भेटायला आलेल्या आत्याला मात्र तिकीट काढावं लागलं. शहर बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. महाराष्ट्रातून आलेल्यांनी संकोच न करता कंडक्टरला मराठीत विचारावं, तो उतरायचं ठिकाणसुद्धा हाक मारून सांगतो.

खोली कितीही चांगली निवडली तरी तारखा चुकल्या तर काही उपयोग नाही. गणपतीत बेळगावला येणार असाल तर आनंदानं या, लोकमान्यांनी १९०५ मध्ये सुरू करून दिलेली परंपरा आहे ती. पण अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शहराच्या मध्यातले आणि कपिलेश्वर तलावाकडचे रस्ते बंद असतात. पेशंटला घेऊन त्या दिवशी रेल्वेची लाईन ओलांडायची वेळ येऊ देऊ नका. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूकही रात्रभर असते आणि ती इथं वैशाखात निघते, फेब्रुवारीच्या हिशोबानं तारीख धरू नका.

सगळ्यांत अवघड महिना डिसेंबर. शहराबाहेर हलग्याजवळ कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, २०१२ मध्ये उभी राहिली. तिथं हिवाळी अधिवेशन भरलं की मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, पोलीस, आंदोलनाला आलेली माणसं, सगळ्यांना शहरात खोल्या लागतात. बरी हॉटेलं आधीच राखून ठेवली जातात, उरलेल्यांचे दर चढतात. आमचं सुरुवातीचं एक आरक्षण अधिवेशनाच्या तोंडावर एका हॉटेलनं फोन करून रद्द केलं, पैसे परत दिले, पण दुसरी खोली मिळवताना संध्याकाळ गेली आणि आण्णा तोवर गाडीतच बसून होते. आजारी माणसाचं आरक्षण रद्द करताना हॉटेलवाल्यांनी निदान दुसरी जागा तरी बघून द्यावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आण्णांची तपासणी तीन महिन्यांतून एकदा आहे आणि पुढची नेमकी डिसेंबरात येते. डॉक्टरांना विचारून ती अधिवेशनाआधीच्या आठवड्यात घेतली आहे आणि टिळकवाडीतली तळमजल्यावरची खोली फोन करून सांगून ठेवली आहे. मॅनेजरनं पैसे आधी मागितले नाहीत, "आण्णा चालतासा काय आता, की खुर्ची ठेवू?" एवढंच विचारलं.