सड्यावरचं (उंच कातळ पठारावरचं) स्टोरेज, पूर्ण पावसाळा वापरून झाल्यावर (साडेतीन स्टार)

घर पाडून नवीन बांधायला काढलंय, त्यामुळे जूनच्या आधी सगळं सामान कुठेतरी हलवायचं होतं. पहिलं गोडाऊन बघितलं ते चिपळूणच्या बाजारपेठेजवळ, घरापासून चालत पाच मिनिटं, भाडं पण कमी, मी टोकन द्यायला खिशात हात घातलेला. बायको म्हणाली जरा भिंत बघा. खालून माझ्या छातीपर्यंत रंग नवाकोरा आणि त्याच्या वर जुना पिवळट. २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर होतं ते मालकाने रंग मारून झाकलंन होतं. निघालो तिथून.

बाहेरून आलेल्यांना सांगतो, इथे नुसता पाऊस बघून चालत नाही. वाशिष्ठी नदीला लोंढा आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की पाणी उतरायला जागाच राहत नाही, तिला मिळणाऱ्या शिवनदीचं पाणी पण मागे दाबतं. २००५ ला पण बाजारपेठ अशीच बुडालेली. जागा बघायला जाल तेव्हा पूररेषेचा नकाशा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. आणि शेजारच्या चहावाल्याला विचारा, तो हात वर करून दाखवतो कुठपर्यंत होतं ते.

शेवटी घेतलं ते सावर्ड्याच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत, सड्यावर. जांभ्याची जमीन, जोतं चांगलं तीन फूट उंच, मागे गटार मोकळं. टेम्पो थेट शटरला लागतो, हे फार महत्त्वाचं, नाहीतर हमाल कपाटामागे वेगळे पैसे मागतात. समुद्रापासून लांब आहे ते पण बरंच, माझ्या साडूने गुहागरला किनाऱ्याजवळ शेड घेतलेली, खाऱ्या वाऱ्याने शटरचा खालचा पत्रा दोन वर्षांत पापडासारखा तुटायला लागला.

आता तक्रार. माझं युनिट पुढच्या ओळीत, तोंड पश्चिमेला. जुलैत चक्कर मारली तर शटरच्या आत वीतभर जमीन ओली, झड सरळ खालून आत येते. पुस्तकांचा खालचा खोका उचलला तर तळ तिथेच राहिला आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा माझ्या पायावर. खाली लाकडी फळ्या टाकायला हव्या होत्या ही माझीच चूक, पण भाडं घेणाऱ्याने एक शब्द सांगायला काय झालं होतं? फोन केल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवलान आणि मागच्या ओळीत, पूर्वेकडे तोंड असलेलं युनिट दिलंन, जास्तीचे पैसे न घेता. तिथे ऑक्टोबरपर्यंत काही झालं नाही, फक्त फ्रीजला वास धरला, तो मी दार लावून ठेवला म्हणून.

बाकी लाईट गेली की गेली, जनरेटर नाही, आत मोबाईलला रेंज नाही. खेड बाजूच्या लोकांनी दोनदा विचार करा, ऐन पावसात मधला परशुराम घाट बंद झाला की तुमचं सामान इकडे आणि तुम्ही तिकडे.

घ्यायचंच असेल तर मागची ओळ मागा. पुढची फुकट दिली तरी पावसाळ्यात घेऊ नका.