आधी ‘ययाति’ की आधी ‘वदरिंग हाइट्स’? दोन नावडत्या नायकांकडे परत जाताना

माझी भाची कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्याचे हिशेब बघते. गेल्या महिन्यात रंकाळा तलावावर फिरताना म्हणाली, “मावशी, कॉलेजात वाचलेली ‘ययाति’ आणि ‘वदरिंग हाइट्स’, दोन्ही परत वाचू वाटालंय. पण दिवाळीपर्यंत एकच हुईल. कुठली घिऊ?” चार पावलं गेल्यावर तीच पुढं म्हणाली, “आणि दोन्हीतलं एक बी माणूस मला आवडत न्हाई. तरी परत का जावंसं वाटतंय, त्ये बी सांग.”

तिथं उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. मग दोन्ही पुस्तकं मिळवली आणि पंधरा दिवसांत पुन्हा वाचली. तिच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांनाही उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दोन्हीतलं साम्य आधी सांगते. ‘ययाति’चा नायक आपल्या सुखासाठी बायकांची आयुष्यं नासवतो आणि शेवटी पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतो. ‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ आपल्या दुःखाचा सूड पुढच्या पिढीवर उगवतो. त्याच्यावर भाळलेली इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते त्या रात्री तो तिचं कुत्रं फासाला लटकवतो. दोघांपैकी एकालाही मी घरी चहाला बोलावणार नाही. तरी दोघंही वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत. फरक आहे तो त्यांची गोष्ट सांगतं कोण, यात. निवडताना तोच बघावा, असं माझं मत आहे.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. तिला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. जन्म सांगलीचा, शिक्षकी शिरोड्याची, पण १९३८पासून ते कोल्हापूरचेच झाले. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. भाचीनं ते अजून पाहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

या कादंबरीत राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. पहिल्या वाचनात मी ययातीच्या बोलण्यात वाहून गेले होते. तो राजा आहे, सुंदर बोलतो, स्वतःला प्रश्न विचारतो, स्वतःच्या चुका कबूल करतो. अठराव्या वर्षी वाटलं होतं, एवढं खरं बोलणारा माणूस वाईट कसा असेल? या वेळी दिसलं की प्रत्येक चुकीच्या पावलाआधी त्याच्याजवळ एक देखणी उपमा तयार असते. त्याचा जीव जडलेल्या अलकेला राजमातेच्या हुकमानं विष दिलं जातं. पुढं कितीतरी पानं तो तिचे सोनेरी केस आठवत राहतो. पण तिच्यासाठी तो प्रत्यक्षात काय करतो, हे शोधू लागलं की हाती फार थोडं लागतं. त्याचं दुःख खोटं नाही. ते त्याला पुढच्या वेळी अडवत नाही, एवढंच. हे एकदा ध्यानात आलं की वाचताना आपलंही आतलं बोलणं ऐकू येऊ लागतं, आणि ते बरं वाटत नाही.

आता देवयानीबद्दल. तिच्यासाठी तरी भाचीनं ही कादंबरी परत उघडावी, असं मला मनापासून वाटतं. कॉलेजात आम्हा सगळ्या मैत्रिणींना ती असह्य व्हायची. गर्विष्ठ, बापाच्या तपश्चर्येवर मिरवणारी, शर्मिष्ठेला दासी करूनच थांबणारी. लग्नाच्या रात्री ययातीच्या तोंडाला मद्याचा वास येतो आणि ती भडकते, तेव्हा आम्ही म्हणायचो, काय ही आकांडतांडव करणारी बाई! पण तिच्या घरात मद्य म्हणजे काय, ते मांडून बघा. शुक्राचार्यांकडं संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाला मारून, जाळून त्याची राख असुरांनी मद्यात कालवली आणि ती शुक्राचार्यांना पाजली. म्हणजे तिच्या पहिल्या प्रेमाची राख तिच्या बापाच्या पोटात मद्यातून गेली. कच जिवंत झाला, विद्या घेऊन निघून गेला आणि हिला नाकारून गेला. त्या पोरीला पहिल्या रात्री नवऱ्याच्या श्वासातून तोच वास आला. ती वागते ते चांगलं नाही, पण या वेळी मला ते पानभर वाचून पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागलं.

आमच्या भागातल्या वाचनालयाची जी प्रत माझ्या हाती आली, तिच्यात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं कितीतरी ओळी अधोरेखित केल्या होत्या. बहुतेक सगळ्या ययातीच्या चिंतनाच्या, कचाच्या उपदेशाच्या, शर्मिष्ठेच्या त्यागाच्या. देवयानीच्या भागात जवळपास कोरी पानं. मीही तेव्हा हातात पेन्सिल असती तर असंच केलं असतं.

दुसऱ्या वाचनात ‘ययाति’ जिथं उतरते तेही सांगायला हवं. कच आणि शर्मिष्ठा ही चांगली माणसं या वेळी मला फिकी वाटली. कच बोलायला लागला की व्याख्यान ऐकल्यासारखं होतं. शर्मिष्ठा दासीपण पत्करते, प्रेम करते, सोसते, आणि तिच्या मनात कुठं कडूपणा साठल्याची खूण सापडत नाही. खांडेकरांची सुभाषितासारखी वाक्यं एकेकाळी मी वहीत उतरवून ठेवायची. आता ती लागोपाठ आली की दम लागतो. संयमाचं मोल त्यांना सांगायचं होतं, आजच्या माणसाच्या सुटलेल्या वासनेची त्यांना काळजी होती, आणि ती काळजी खरी होती. तरी कादंबरी जिवंत राहते ती आवडू नयेत अशा दोघांमुळंच.

‘वदरिंग हाइट्स’मध्ये नेमकं उलटं घडतं. ही १८४७ची, एमिली ब्रॉन्टेची एकुलती एक कादंबरी. एलिस बेल या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावानं ती आली आणि वर्षभरात, १८४८च्या डिसेंबरात, तीस वर्षांची एमिली गेली. १८५०मध्ये नवी आवृत्ती काढताना तिची सख्खी बहीण शार्लट हिनंही प्रस्तावनेत शंका काढली की हीथक्लिफसारखा जीव निर्माण करणं योग्य आहे का. म्हणजे या माणसाचा त्रास घरापासूनच सुरू झालेला आहे.

इथं हीथक्लिफ स्वतःची गोष्ट सांगत नाही. नवा भाडेकरू लॉकवुड आजारी पडतो आणि घरातली जुनी मोलकरीण नेली डीन त्याला सगळं सांगते. आपण पुस्तकभर तिच्या तोंडून ऐकत राहतो. पहिल्यांदा वाचताना नेली म्हणजे घरातली समजूतदार मावशी वाटली होती. या वेळी मी तिच्यावर लक्ष ठेवून वाचलं आणि हादरले. हीथक्लिफबरोबर वाढलेली, त्याच्यावर जीव असलेली कॅथरीन नेलीपाशी मन मोकळं करते तो प्रसंग आठवतो? हीथक्लिफशी लग्न केलं तर आपली पत जाईल, एवढं तो आडून ऐकतो आणि उठून जातो. पुढचं, त्याच्याशिवाय ती ती नाहीच, हे त्याच्या कानावर पडतच नाही. तो गेलेला नेलीला दिसलेलं असतं, पण ती त्या क्षणी गप्प राहते. पुढं कॅथरीन खोलीत कोंडून घेऊन उपाशी बसते तेव्हा नेलीला ते नाटक वाटतं, आणि ती कॅथरीनच्या नवऱ्याला, एडगरला, वेळेवर सांगत नाही. वाईट हेतूनं केलेलं यातलं काहीच नाही. तिनं फक्त आपल्या समजुतीप्रमाणं घर चालवलं, आणि त्यातून केवढं काय घडत गेलं!

लॉकवुडचंही तसंच. मेलेल्या सशांच्या ढिगाला तो मांजरं समजतो आणि आपल्याला हसू येतं. पण रात्री स्वप्नात खिडकीशी आलेल्या पोरीचा हात सोडवण्यासाठी तो तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो. हीथक्लिफच्या घरात एका रात्रीच्या मुक्कामाला आलेला सभ्य शहरी माणूस! हे मी पहिल्यांदा वाचलं होतं का, असा प्रश्न पडावा इतकं ते विसरून गेले होते.

आणि एडगर लिंटन. तेव्हा मला तो दुबळा, बुळा वाटायचा. आता बायको गेल्यावर मुलीला एकट्यानं वाढवणारा बाप म्हणून तो डोळ्यांपुढं आला आणि माया वाटली. कॅथरीनच्या भावाचा मुलगा हेअरटन, त्याचंही तसंच झालं. पोरपणी कुत्र्याची पिल्लं खुर्चीला लटकवणारा हा मुलगा शेवटी थोरल्या कॅथरीनच्या मुलीकडून अक्षरं शिकतो. म्हणजे ‘ययाति’त दुसऱ्या वाचनात चांगली माणसं लहान होतात आणि इथं लहान वाटलेली माणसं मोठी होतात.

शेवट ताडून बघण्यासारखे आहेत. ययातीला पश्चात्ताप होतो, कादंबरी त्याला त्या दिशेनंच आणत असते. हीथक्लिफच्या हाती सूड पूर्ण यायच्या बेताला त्याची इच्छाच मरते. तो सुधारत नाही, माफी मागत नाही, फक्त त्याला त्यात रस उरत नाही. मला हा दुसरा शेवट अधिक खरा वाटला, हे कबूल करते. आयुष्यात मी पश्चात्ताप झालेली माणसं कमी पाहिली आणि दमलेली जास्त.

वाचायला सोपी कुठली, याचं उत्तर सरळ आहे: ‘ययाति’. जाडजूड आहे, पण रोज रात्री वीस पानं सहज होतात आणि मोठ्यानं वाचली तर आणखी छान लागते. ‘वदरिंग हाइट्स’ची चौतीस प्रकरणं आहेत. आईचं आणि मुलीचं नाव एकच, मुलाचं नाव आईच्या माहेरच्या आडनावावरून, त्यामुळं वंशावळ कागदावर काढून पुस्तकात ठेवावी. इंग्रजीतून वाचणार असाल तर म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची, यॉर्कशरी बोली अडवते. शार्लटनं १८५०च्या आवृत्तीत ती मुद्दाम सौम्य केली होती. माझा सल्ला, अर्थ पुरता लागला नाही तरी त्याचं बोलणं ओठ हलवून वाचा. आमच्या घरच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात आणि पुण्याच्या पाहुण्यांना क्षणभर कळत नाही कोण बोलतंय. जोसेफही तसाच कानानं कळतो.

ऋतूचाही विचार करा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर श्रावणात धुकं उतरतं, वारा माणसाला उभं राहू देत नाही आणि दहा पावलांवरचं दिसत नाही, तेव्हा त्या इंग्रजी माळरानाची थोडी कल्पना येते. मी ‘वदरिंग हाइट्स’ पावसात वाचली आणि ती पावसातच वाचावी असं वाटतं.

आता भाचीसाठी निकाल. तिला या महिन्यात स्वतःशी भांडायचं बळ असेल, तर ‘ययाति’. ऑफिसात, घरात कुणावर तरी चटकन ठपका ठेवून मोकळं व्हायची सवय लागली असेल, तर ‘वदरिंग हाइट्स’, कारण ती कादंबरी ठपका ठेवणारीचाच जाब घेते. माझा कल विचारशील तर पोरी, आधी ‘ययाति’ घे. पुस्तक म्हणून ‘वदरिंग हाइट्स’ मला वरचढ वाटते, तरीही. आपल्या भाषेत, आपल्या गावात बसलेल्या माणसानं लिहिलेल्या पुस्तकातली देवयानी आपण सगळ्याजणींनी फार लवकर निकालात काढली होती. दुसरी कादंबरी पुढच्या आषाढासाठी ठेव.

वाचनालयाची प्रत माझ्याकडं आणखी आठ दिवस आहे. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा, आणि येताना पेन्सिल आण. कोऱ्या पानांवर तुझ्या खुणा हलक्या हातानं कर, परत करताना खोडून देऊ.