अटकेत मारहाण झाली, तर दाद नेमकी कुठे मागायची?

पोलिसांनी पकडताना मारलं, आता त्या अधिकाऱ्यावर केस करायची, असं ठरवून माणूस वकिलाकडे जातो. पण महाराष्ट्रात या 'केस'च्या किमान चार वाटा आहेत. प्रत्येकीची मुदत वेगळी, खर्च वेगळा आणि पदरात पडणारी गोष्टही वेगळी. त्यामुळे आपल्याला शिक्षा हवी आहे की भरपाई, हे आधी स्वतःशी स्पष्ट असलेलं बरं.

बळ वापरलं म्हणजे गुन्हा झालाच, असं नसतं. अटकेला जोरात विरोध झाला तर आवश्यक ते उपाय वापरायची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. मात्र पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त अटकाव करता येत नाही, असं कलम ४६ सांगतं. म्हणून तक्रारीत क्रम महत्त्वाचा. काठी बसली ती झटापटीत, की हात मागे बांधून जीपमध्ये बसवल्यावर? दुसऱ्या प्रसंगात पोलिसांकडे फारसं उत्तर उरत नाही.

पहिली वाट दिवाणी दाव्याची. लोकांच्या मनात हीच आधी येते, आणि माझ्या मते बहुतेकांनी ती शेवटी ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. त्याआधी त्या पोलिसाला महिनाभराची नोटीस, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची. म्हणजे चौथा महिना संपायच्या आत नोटीस गेलेली बरी. 'साहेबांकडे अर्ज दिलाय, बघू काय होतं' म्हणत थांबणाऱ्यांचे नेमके हेच महिने हातचे जातात. शिवाय सरकार पक्ष सार्वभौम अधिकाराचा बचाव घेतो, म्हणजे राज्यकारभाराच्या कामात झालेल्या चुकीबद्दल राज्याकडून भरपाई मागता येत नाही, असं म्हणतो. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांनी जप्त केलेलं सोनं त्यांच्याच हवालदाराने पळवलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने राज्यावर भरपाईची जबाबदारी टाकली नाही.

दुसरी वाट रिट याचिकेची, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याची. तिथे हा बचाव चालत नाही. ओडिशातल्या कोठडी मृत्यूच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आणि मृताच्या आईला दीड लाख रुपये देवविले. जगण्याचा मूलभूत हक्क राज्यानेच मोडला, तर भरपाई राज्याने द्यायची, हा त्यामागचा विचार. अडचण पुराव्याची आहे. रिटमध्ये सहसा साक्षीदार तपासत नाहीत, कागद बोलावे लागतात. 'मारलं' आणि 'नाही मारलं' एवढाच वाद असेल तर न्यायालय खालच्या कोर्टात जायला सांगू शकतं. वैद्यकीय कागद भक्कम असतील तर मात्र भरपाईसाठी मी हीच वाट आधी धरायला सांगेन.

तो वैद्यकीय कागद कसा बनतो, ते नीट पाहिलं पाहिजे. अटकेनंतर तपासणी होते तेव्हा पोलीस शेजारी उभा असतो, डॉक्टर घाईत असतात आणि अहवालात 'ताजी जखम नाही' एवढंच उतरू शकतं. जखम कुठे, किती लांब-रुंद, कोणत्या रंगाची, कशाने झाली, हे लिहून घ्यायचा आग्रह धरा. मुका मार आधी लालसर, मग निळा-काळा आणि काही दिवसांनी हिरवट-पिवळा दिसतो. त्या रंगावरून मार अटकेआधीचा की नंतरचा, याचा अंदाज बांधता येतो. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. तिथे 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' हा प्रश्न येतो, मागे तेच पोलीस असतात आणि घाबरलेला माणूस 'नाही' म्हणतो. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, उतरलेलं ते 'नाही' पुढे प्रत्येक ठिकाणी समोर येतं. वकिलाने तिथेच शर्ट वर करून पाठ दाखवायला लावावी आणि पुन्हा तपासणीचा अर्ज द्यावा. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचा अर्जही त्याच आठवड्यात गेला पाहिजे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या.

अधिकाऱ्याला शिक्षाच हवी असेल तर फौजदारी वाट. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्यायची, पोच जपायची आणि दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. कबुलीसाठी मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथे सर्वांत मोठा अडथळा खटल्याला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा. १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं धरायची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. मारहाण हा कर्तव्याचा भाग नाही, म्हणून मंजुरी नको, असाही युक्तिवाद होतो, पण त्यावर विसंबून राहू नका. पोलीस अधिनियमातल्या सहा महिन्यांचा मुद्दा इथेही उपस्थित होतो, तेव्हा त्याच मुदतीत दाखल करणं शहाणपणाचं.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आयोग भरपाईची शिफारस करतो. पोलीस तक्रार प्राधिकरण गंभीर दुखापत, कोठडीतला मृत्यू किंवा बेकायदा अटक अशी प्रकरणं पाहतं आणि अहवाल सरकारला देतं. शिक्षा दोघांच्याही हातात नाही. तरीही पैसा नसलेल्याने सुरुवात इथून करायला हरकत नाही, कारण आयोग पोलिसांकडून अहवाल मागवू शकतो आणि सीसीटीव्ही चित्रणही.

फौजदारी तक्रार आणि भरपाईची याचिका दोन्ही सोबत चालू शकतात. कोठडीतल्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, बहुधा कोर्टाच्याच आवारात.