बाजारातला खेकड्याचा रस्सा: सात महिने खाल्ल्यानंतर

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. आठवडी बाजारात मासळीची ओळ संपते तिथे एक बाई रस्सा विकतात. दोन चुली, दोन मोठे गंज आणि बसायला एक बाकडं, एवढंच दुकान. वाटी 40 रुपये, भातासोबत 70. मी जूनमध्ये पहिल्यांदा गेलो, आता जानेवारी आहे. मधले दोनच बाजार चुकले.

जावं ते खेकड्याच्या दिवसांत. रोवणीच्या वेळी बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाण्याने भरल्या की खेकडे धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर निघतात. त्यांच्या बिळांमुळे बांधीचं पाणी झिरपून जातं, म्हणून शेतकरी वैतागलेला असतो आणि पोरं मात्र टोपलं घेऊन फिरतात. तोच माल सकाळी बाईंकडे येतो.

त्यांची पद्धत मी जवळ बसून पाहिली आहे. नांग्या बाजूला ठेवतात, पाठीचं कवच काढून आतले कल्ले टाकून देतात. बारीक पाय पाट्यावर कुटायचे, पाणी घालून कालवायचे आणि फडक्यातून गाळायचे. हा राखाडी रस फोडणीत पडला की मंद आचेवर हळूहळू घट्ट होतो. अंडं शिजताना जमतं, तसंच हे. आच मोठी झाली की गाठी होतात, म्हणून बाई तेवढा वेळ गंजापासून हलत नाहीत. खोबऱ्याचं वाटण अगदी थोडं. मिरची भिवापुरी, रंग खोल, तिखटपणा जिभेपेक्षा घशात जास्त.

एकदा घाई होती म्हणून मी लवकर वाटी मागितली.

"थांबा भाऊ, चांगली उकळी येऊ द्या. कच्चा रस्सा कोणाले पाजायचा नाई."

बाईंचं बरोबर होतं. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धवट शिजला, तर त्यातून फुफ्फुसात जाणारा कृमी माणसाला होऊ शकतो. सर्दीवर उपाय म्हणून घरी घाईघाईत रस्सा करणाऱ्यांनी एवढं जरूर पाळावं.

दिवाळीनंतर खेकडा कमी होतो. मग झिंगे आणि मरळ. झिंगे मामा तलावातले, म्हणजे माजी मालगुजारी तलावातले. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, 1950च्या कायद्याने गेली, पण तलावांना ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मरळ टोपात जिवंत असते. हवेतून श्वास घेते, म्हणून थोड्या पाण्यातही तग धरते. तिचा रस्सा मला साधारण वाटला. झिंग्यांचा चांगला, फक्त कधी कधी दाताखाली कचकच लागते.

तक्रारी दोन. एकदा झिंग्यांना वास होता. मी वाटी परत केली. बाईंनी पैसे दिले, पण गंज चुलीवरच राहिला आणि विक्री चालू राहिली. ते मला अजून खटकतं. दुसरी तक्रार भांड्यांची: सगळ्या वाट्या एकाच बादलीत विसळतात. दोनदा सांगून पाहिलं, बदल नाही. मी आता घरून डबा नेतो, तुम्हीही न्या. आणि अकराच्या आत पोचा. दुपारी गंजाच्या तळाशी उरतं ते खारट असतं.

डबा न्यायला लागलो तो खरं तर आईसाठी. तिचं माहेर साकोलीकडचं, खेकडा तिच्या जिवाचा. पण आता तिला दात नाहीत, नांगी फोडून खाणं सुटलं. कुटलेल्या पायांचा हा रस्सा ती भातावर ओतून सगळा संपवते. सप्टेंबरात पहिल्यांदा नेला, तेव्हा तिने एक घोट घेतला आणि विचारलं, "यात अंबाडी कोणं टाकली?" तीन महिने खात होतो, मला तो आंबटपणा चिंचेचा वाटला होता. पुढच्या बाजारी बाईंना विचारलं, तर त्यांनी चुलीमागून कोवळ्या अंबाडीची जुडी काढली आणि अर्धी माझ्या पिशवीत घातली. म्हणाल्या, "मायले द्या."