बीपीचं मशीन बरं आहे, पट्ट्यानं छळलं : गरोदरपणातल्या वापरानंतर

"मॅडम, कफ कन्झ्युमेबल आयटम आहे, तो वॉरंटीत येत नाही." कस्टमर केअरच्या बाईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकवलंय की आता फोन उचलल्यावर मीच आधी म्हणते. मशीनला ५ वर्षांची वॉरंटी आणि दंडाला बांधायच्या पट्ट्याला काहीच नाही. अहो, पट्ट्याशिवाय हे मशीन काय हवेचं बीपी मोजणार?

मशीन साधंच आहे, दंडाला बांधायचं, चार पेन्सिल सेलवालं. फीचर सगळ्यांना माहीत असतात, ते लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण हा पट्ट्याचा प्रकार मिरजेतल्या सर्जिकलवाल्यानं दाखवलेल्या सगळ्याच डब्यांवर थोड्याफार फरकानं तोच होता.

मला बीपी लग्नाआधीपासून. टेल्मिसार्टन चालू होती. दिवस राहिल्याचं कळलं त्याच संध्याकाळी डॉक्टर मॅडमना फोन केला. टेल्मिसार्टन, रामिप्रिल असल्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडनीला धोका असतो, म्हणून त्यांनी ती थांबवून लॅबेटालॉल सुरू केली. (निफेडिपिन आणि मिथाइलडोपाही चालतात. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. दमा असेल तर लॅबेटालॉल सहसा देत नाहीत, तेव्हा तो आधी सांगायचा. आणि जुनी गोळी मनानं बंद करून गप्प बसायचं नाही, बीपी उसळतं.) लॅबेटालॉल सुरू झाल्यावर केसांच्या मुळाशी मुंग्या यायच्या. सासूबाईंनी उवा शोधून झाल्या. गोळीचाच परिणाम, नंतर कमी झाला. मॅडम म्हणाल्या, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, घरी मोजून वहीत लिही. म्हणून मशीन आलं.

आणि लगेच घोळ सुरू. घरी १५०, १५२. दवाखान्यात १३८. लोकांचं दवाखान्यात वाढतं, माझं घरात! सासूबाई म्हणाल्या, "सारखं सारखं बघशील तर वाढणारच की." मॅडम डोस वाढवायच्या बेतात होत्या. तेवढ्यात तिथल्या सिस्टरनं माझ्या दंडाकडे बघून विचारलं, "ताई, घरचा पट्टा केवढा आहे?"

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड भरला ३४ सेंटीमीटर. डब्यात आलेला पट्टा २२ ते ३२ चा. हे कुठं छापलंय? डब्याच्या तळाला, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. समोर मोठ्या अक्षरांत काय, तर 'ब्लूटूथ'. पट्टा लहान पडला की रीडिंग खोटं चढतं. २०२३ मध्ये बाल्टिमोरला झालेल्या एका अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचं बीपी सरासरी ५ च्या आसपास जास्त आलं, आणि एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांना बांधला तर २० च्या आसपास. म्हणजे पट्ट्यापायी एखादीचा डोस वाढू शकतो. पोटात बाळ असताना बीपी गरजेपेक्षा खाली आणणंही चांगलं नाही, कारण वारेतून त्याला मिळणारं रक्त त्याच्यावर अवलंबून असतं.

दुकानात ३२ ते ४२ चा पट्टा मिळाला, किंमत मशीनच्या जवळजवळ निम्मी. दुसऱ्या कंपनीचा स्वस्तात होता, पण मॅडमनी नको म्हटलं, मशीनचं गणित त्याच कंपनीच्या पट्ट्यावर बसवलेलं असतं. गपचूप पैसे मोजले. त्या रात्री मी या मशीनला एक स्टार देणार होते.

आता मत बदललंय. मोठा पट्टा बांधल्यापासून मशीन शहाण्यासारखं वागतं. ते पिशवीत घालून दवाखान्यात नेलं, आधी त्यांच्या यंत्रावर, मग माझ्यावर, असं आलटून पालटून मोजलं. दोन-चार आकड्यांचा फरक, तेवढा चालतो. मशीन घेतलेल्या प्रत्येकीनं हे करावं. खासगीत तपासणीची फी परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं न्या.

चौथ्या महिन्यात आणखी गंमत. रीडिंग खाली यायला लागलं, ११८, ११४. नवऱ्यानं सेल बदलले, मग बदललेले सेल परत बदलले. मॅडम हसल्या. पहिल्या महिन्यांत शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी आपोआप उतरतं, पाचव्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि शेवटी शेवटी पुन्हा चढतं. म्हणून अगदी सुरुवातीचे आकडे सोन्याचे. कुणी पहिल्यांदा चौथ्या महिन्यातच मोजलं तर जुनं बीपी लपून जातं, आणि पुढं वाढलं की ते जुनंच वर आलं की नवीन सुरू झालं हे कळत नाही. २० आठवड्यांच्या आत १४०/९० किंवा वर असेल तर ते बहुधा आधीपासूनचंच धरतात. मॅडमनी माझा डोस थोडा कमी केला, तोही वहीतले आकडे बघून.

मेमरीबद्दल तक्रार आहे. दोन माणसांसाठी दोन बटणं आहेत, पण सासूबाई बटण न बदलता स्वतःचं मोजतात. तपासणीच्या दिवशी मॅडमनी मशीन उघडून बघितलं तर मधेच १६८. त्यांचा चेहरा उतरला. तो आकडा सासूबाईंचा, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या जेवणानंतरचा! तेव्हापासून मशीनच्या मेमरीपेक्षा माझी वहीच खरी. (सासूबाईंनाही आता गोळी चालू झाली, तो या मशीनचा फुकटचा फायदा.)

बसायची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच पाळत नाही. चहानंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. हात छातीच्या उंचीला उशीवर. पट्टा ब्लाऊजच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. मिनिटभरानं पुन्हा एकदा. आमच्याकडे पाच मिनिटं गप्प बसणं हाच अवघड भाग, कुकर त्याच वेळी शिट्ट्या घेतो.

१२ आठवड्यांनंतर रात्रीची कमी डोसची ॲस्पिरिनही सुरू झाली, पुढं बीपी बिघडून प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून आई आणि बाळ दोघांना धोक्यात आणणारा आजार) होण्याचा धोका कमी करायला. ती मॅडमनी दिली, मनानं घ्यायची नाही. आणि मशीन घरी आहे म्हणून निवांत राहू नका. हे मशीन पट्ट्यातल्या हवेच्या कंपनांवरून आकडा काढतं, आणि प्रीएक्लॅम्प्सियात काही मशीन कमी दाखवतात. स्ट्राइड बीपी नावाच्या यादीत गरोदरपणात तपासून पारखलेली मॉडेल वेगळी दिलेली आहेत, घेण्याआधी बघा. १६०/११० दिसलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, यातलं एक जरी झालं तर मशीनशी वाद न घालता दवाखाना.

तर सध्याचं भांडण. महाग पट्ट्याचं वेल्क्रो काही महिन्यांतच गेलं. हवा भरली की निम्म्यात चर्रकन सुटतं आणि पडद्यावर एरर. कंपनीचं उत्तर वर दिलंच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तेव्हा कंपनीनं नव्या पट्ट्यावर सूट देऊ केली, म्हणजे पुन्हा पैसे मलाच. मी पट्टा घेऊन गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले. आतल्या रबरी फुग्याला सुई लागू नये म्हणून त्यांनी फुगा कुठवर आहे ते चाचपलं, खडूनं रेघ मारली आणि रेघेच्या बाहेरून नवं वेल्क्रो शिवून दिलं. तीस रुपये. दवाखान्यात पुन्हा ताडून बघितलं, आकडे जुळतात.

मशीनला चार स्टार. घेताना दंड मोजून जा, आणि मोठ्या पट्ट्याचा डबा आहे का ते दुकानातच विचारा, काही कंपन्या मोठा पट्टा घालूनच विकतात, दोन-तीनशे जास्त पडतात. तेच स्वस्त.